फ्लॉपीवरची खूण

सव्वापाच इंची फ्लॉपी ही मोठी नाजूक वस्तू. धूळ बसली, चुंबक जवळ आला, की महागडा प्रोग्राम कायमचा जाई. अमेरिकेत 1980 साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन प्रोग्रामच्या मालकाला जपणुकीसाठी प्रत करण्याची मुभा मिळाली.

कायद्याने दिलेले फ्लॉपीनेच नाकारले! व्हॉल्ट कंपनीच्या ‘प्रोलॉक’ फ्लॉपीवर पुसता न येणारी बारीकशी खूण असे. प्रोग्रामची नक्कल होई, खुणेची होत नसे; आणि खुणेवाचून प्रोग्राम चालत नसे.

कॅनडातील क्वेड कंपनीने त्यावर तोड काढली. तिच्या प्रोग्रामचे नाव ‘कॉपीराइट’. उच्चार तोच, स्पेलिंग मात्र लिहिण्याच्या ‘राइट’चे. त्यातील ‘रॅमकी’ ही सोय खूण जागेवरच असल्याचे संगणकाला भासवी.

व्हॉल्टने खटला भरला. हे साधन चोरालाही उपयोगी पडे, तेव्हा व्हॉल्टची भीती निराधार नव्हती. परंतु जपणुकीची प्रत करणे हा त्याचा कायदेशीर उपयोग आहे, असे मानून 1988 मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या अपील न्यायालयाने क्वेडच्या बाजूने निकाल दिला.

दहाच वर्षांनी, 1998 मध्ये, डिजिटल मिलेनियम कॉपीराइट अॅक्ट आला. प्रतीची मुभा कायद्यात राहिली. कुलूप उघडण्यासाठीच बनवलेली साधने विकणे मात्र बेकायदा ठरले.