बांडगूळ, अळी आणि बागेतील पाहुणे

उद्यानांच्या इतिहासाची साधने म्हणून आपण सामान्यतः बागांचे नकाशे, खर्चाचे कागद आणि रोपांच्या याद्या पाहतो. बागेत काय लावले गेले हे त्यांतून कळते. बागेत कोण आले, हे मात्र कळत नाही. घराभोवतीच्या बागेत रानपक्षी व फुलपाखरे यावीत ही हौस आज सर्वत्र दिसते. तिला आधारभूत असलेले ज्ञान कसे जमले हे पाहू गेल्यास दप्तरे बाजूस ठेवावी लागतात आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या १८८६ पासून निघत असलेल्या नियतकालिकाकडे वळावे लागते.

१८८३ साली ही संस्था ज्या आठ जणांनी स्थापिली त्यांपैकी एक एडवर्ड हॅमिल्टन एटकेन. १८५१ साली साताऱ्यास जन्मलेला हा गृहस्थ मुंबई इलाख्याच्या जकात व मीठ खात्यात नोकरीस होता. त्याने, डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याने आणि बेल या वनाधिकाऱ्याने मिळून तेव्हा मुंबई इलाख्यात असलेल्या उत्तर कानडा जिल्ह्यातील फुलपाखरांवर १८९६–९७ मध्ये लेखमाला प्रसिद्ध केली. जाळीने फुलपाखरे धरून टाचणीस लावण्यापुरते त्यांचे काम नव्हते. ते अळ्या घरी आणून वाढवीत, कोणती अळी कोणते पान खाते व केव्हा कोष करते हे टिपून ठेवीत. फुरसतीच्या वेळात केलेल्या या उद्योगाचे महत्त्व आपल्या इतिहासकारांनी पुरेसे ओळखलेले नाही असे प्रस्तुत लेखकास वाटते. फुलातील मध फुलपाखरास क्षणभर थांबवितो; त्याची पिढी मात्र पानावर वाढते, आणि तेही ठरावीक वनस्पतीच्याच पानावर. रुई, पानफुटी, सापसंद, कढीपत्ता ही झाडे बागेच्या शोभेत सहसा धरली जात नाहीत, पण प्रत्येकीवर वाढणारी फुलपाखरे आहेत. महाराष्ट्राने २०१५ साली ज्याला राज्य फुलपाखराचा मान दिला त्या नीलवंताची अळी लिंबाच्या कुळातील झाडांची पाने खाते. कुरतडलेले पान दिसताच औषध फवारणारा बागवान फुलपाखरूच नाहीसे करीत असतो.

पक्ष्यांच्या बाबतीत याहून चमत्कारिक उदाहरण बांडगुळाचे आहे. सालिम अली यांनी १९३१ साली कोकणातील बांडगुळाच्या प्रसारावर, आणि पुढे लवकरच भारतातील फुले व त्यांवर येणारे पक्षी यांवर, निबंध लिहिले. आंब्यावर उगवणारे हे झुडूप अर्धे परजीवी. पाने स्वतःची हिरवी, पाणी व क्षार मात्र यजमानाचे. त्याच्या लांबट नळीसारख्या फुलांत मध असतो. पक्व कळीला शिंजीर चोचीने दाबतो तेव्हा ती फुटते आणि पराग त्याच्या डोक्यास चिकटतो. पुढचे काम फुलटोच्याचे. तो फळे गिळतो. चिकट बी विष्ठेवाटे बाहेर पडून फांदीस चिकटते आणि तेथेच रुजते. एक पक्षी फळ धरवितो, दुसरा बी पेरतो, आणि आंबा दोघांचा खर्च सोसतो. एवढ्याने भागत नाही. पंखांच्या खालच्या बाजूस पिवळे व तांबडे ठिपके असल्यामुळे ज्याला हळदीकुंकू हे सुंदर नाव मिळाले, त्या फुलपाखराच्या अळ्याही बांडगुळाच्याच पानांवर थव्याने वाढतात. आम्रराईच्या मालकास जे केवळ लूट वाटते, तेच या तिघांचे घर आहे.

याच्या उलट घाणेरीची कथा. मूळची उष्ण अमेरिकेतील ही वनस्पती एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी कलकत्त्याच्या वनस्पती-उद्यानात शोभेसाठी आणली गेली आणि कुंपणास सोयीची म्हणून पसरली. फुलपाखरे बोलाविण्याच्या कामी तिच्याइतकी यशस्वी झुडुपे थोडीच. हळदीकुंकूही तिच्यावर हमखास दिसते. परंतु आपल्याकडील फुलपाखरांच्या अळ्यांना तिच्या पानांचा सहसा उपयोग नसतो. तिची फळे बुलबुल व साळुंक्या खातात आणि बिया रानात नेऊन टाकतात. ज्या पाहुण्यांसाठी ती बागेत राखली गेली, त्यांनीच तिला बागेबाहेर काढले, आणि आज देशभरच्या जंगलांतील स्थानिक रोपटी तिच्या दाट जाळीखाली गुदमरत आहेत. कुंपण घालणाऱ्यास याची कल्पना असणे शक्य नव्हते, हे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे.

तेव्हा बागेतील पाहुण्यांचा इतिहास लिहावयाचा तर माळ्याने काय लावले यापेक्षा त्याने काय उपटले, छाटले, जाळले याची नोंद अधिक बोलकी ठरेल. अशी नोंद क्वचितच कोणी ठेवतो. कलमांच्या बागेत बांडगुळाची फांदी फळे पिकण्याआधी तोडावी लागते, कारण तेथे उत्पन्नाचा प्रश्न आहे. परसातल्या एकट्या रायवळ आंब्याचा मालक मात्र, कोयता हाती घेण्यापूर्वी, वरच्या झुबक्यावर शिंजीर येतो की नाही एवढे पाहू शकतो.