‘युरेका’च्या पलीकडचा आर्किमिडीज

आर्किमिडीज म्हटलं की आपल्याला न्हाणीघर, सांडलेलं पाणी आणि ‘युरेका!’ ओरडत उघडाच धावत सुटलेला माणूस आठवतो. पण ही गोष्ट लिहिली कोणी? विट्रुव्हियस या रोमन वास्तुतज्ज्ञाने, आर्किमिडीजच्या मृत्यूनंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी!

सिराक्यूजच्या हिएरो राजाला संशय आला, की सोनाराने मुकुटात चांदी मिसळली आहे. त्याच वजनाची चांदी सोन्यापेक्षा जास्त जागा व्यापते, म्हणून भेसळीचा मुकुट जास्त पाणी सांडवणार. तत्त्व बरोबर आहे. पण आपण जरा हिशेब करून पाहू. समजा, मुकुट १ किलोचा आहे आणि त्यात ३० टक्के चांदी आहे. शुद्ध सोन्याचं आकारमान सुमारे ५२ घन सेंटिमीटर, या मुकुटाचं सुमारे ६५. फरक फक्त १३! २० सेंटिमीटर व्यासाच्या भांड्यात पाण्याची पातळी अर्धा मिलिमीटरसुद्धा जास्त चढणार नाही. डोळ्यांना तो फरक कळणार कसा?

१५८६ मध्ये बावीस वर्षांच्या गॅलिलिओलाही ही रीत ढोबळच वाटली. त्याने तराजूची युक्ती सुचवली. तिचं सोपं रूप असं: एका बाजूला मुकुट, दुसऱ्या बाजूला तितकंच शुद्ध सोनं टांगायचं आणि दोन्ही पाण्यात बुडवायचं. आता तोच १३ घन सेंटिमीटरचा फरक १३ ग्रॅमचा होतो. मुकुट लगेच वर उचलला जातो.

हे का घडतं, ते आर्किमिडीजनेच ‘तरंगणाऱ्या वस्तूंविषयी’ या ग्रंथात सिद्ध केलं आहे: बुडालेली वस्तू, तिने बाजूला सारलेल्या द्रवाच्या वजनाइतकी हलकी होते. गंमत म्हणजे, या ग्रंथात मुकुटाचं नावही नाही! आहे ती भूमिती, आणि तिरपी झालेली तरंगती वस्तू पुन्हा सरळ कधी होते, याचा विचार. जहाजांच्या स्थैर्याचा पाया तो हाच.

आणि या ग्रंथाचं नशीब बघा. १२२९ मध्ये त्याच्या चर्मपत्रांवरची ग्रीक अक्षरं खरवडून वर प्रार्थना लिहिल्या गेल्या. १९०६ मध्ये हायबर्ग या डॅनिश अभ्यासकाने कॉन्स्टँटिनोपलमध्ये भिंगाने ती पुसट अक्षरं वाचली. त्या ग्रंथाची आज उपलब्ध असलेली ग्रीक प्रत एवढी एकच.

गोष्ट तोंडोतोंडी टिकली. सिद्धता मात्र पुसता पुसता वाचली. म्हणून मंडळी, ‘युरेका’ जरूर सांगू या, पण त्यासोबत ती सिद्धताही सांगू या.