रात्री दिवाळीच्या किल्ल्याचे, भुलाबाईचे आणि छोट्या मूर्तींचे फोटो मोबाइलवर कसे काढायचे?

दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला तयार होतो, त्यावर मावळे उभे राहतात, सिंहासनावर महाराज बसतात आणि संध्याकाळी बल्बची माळ लागते. डोळ्यांना ते सगळं भारी दिसतं. मोबाइल काढून फोटो घेतला की मात्र बल्बच्या जागी पांढरे गोळे, मावळ्यांच्या जागी काळ्या आकृत्या आणि महाराजांचा चेहरा एकदम फिक्का! कोजागरीला गच्चीवर मांडलेल्या भुलाबाईचंही तेच होतं.

अशा मूर्ती फार दिवस राहत नाहीत. किल्ला दिवाळीनंतर मोडला जातो, भुलाबाईचं विसर्जन होतं. मागे उरतो तो फक्त फोटो, म्हणून तो नीट यायला हवा. त्यासाठी महागडा फोन लागतोच असं नाही. फोन अंधारात काय करतो हे कळलं की अर्धं काम होतं.

फोन रात्री का गडबडतो?

पहिलं कारण सेन्सरचा आकार. मोठ्या फुल-फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ × २४ मिलिमीटर असतो. फोनमधला 'अर्धा इंची' म्हणवला जाणारा सेन्सर साधारण ६.४ × ४.८ मिलिमीटर असतो, म्हणजे क्षेत्रफळात जवळपास २८ पट लहान. प्रकाश गोळा करायला जागाच कमी, म्हणून अंधारात फोटोवर दाणे दिसतात.

दुसरं कारण प्रकाशातला फरक. बल्ब स्वतः प्रचंड उजळ असतो आणि त्याच्या बाजूचा बुरूज जवळजवळ काळा. फोन पूर्ण फ्रेमचा सरासरी हिशोब करतो. फ्रेममध्ये अंधार जास्त असेल तर तो फोटो उजळ करायला जातो, आणि दिव्याजवळचा चेहरा पांढरा पडतो.

तिसरं कारण फोकस. कमी प्रकाशात ऑटोफोकसला पकडायला कड सापडत नाही, मग तो पुढे-मागे करत राहतो.

नाईट मोड नेमकं काय करतो?

नाईट मोड एकच फोटो काढत नाही. तो एकामागून एक अनेक फ्रेम घेतो, त्या एकमेकींवर जुळवतो आणि सरासरी काढतो. दाणे प्रत्येक फ्रेममध्ये वेगळ्या जागी असतात, त्यामुळे सरासरीत ते कमी होतात. मूर्ती मात्र एकाच जागी असल्यामुळे टिकते.

गुगलने २०१८ मध्ये पिक्सेल फोनवर 'नाईट साइट' आणलं. फोन हातात असेल तर ते प्रत्येकी १/१५ सेकंद किंवा त्याहून कमी वेळाच्या १५ पर्यंत फ्रेम घेत असे, आणि फोन स्थिर ठेवला असेल तर प्रत्येकी १ सेकंदाच्या ६ पर्यंत. फोन हलत नाही हे कळलं की तो जास्त वेळ प्रकाश गोळा करतो. आयफोनमध्ये नाईट मोड २०१९ मध्ये आयफोन ११ सोबत आला.

थोडक्यात, स्थिर फोन म्हणजे चांगला फोटो. ट्रायपॉड नसेल तर फोन विटेला टेकवा किंवा तांदूळ भरलेल्या छोट्या पिशवीवर ठेवा. बटण दाबताना बसणारा धक्का टाळायला २ किंवा ३ सेकंदांचा टायमर लावा.

वेळ कोणती निवडायची?

फोटो पूर्ण काळोखातच काढायचा, असं काही नाही. सूर्य मावळल्यावर आकाश गडद निळं होतं तो साधारण २० ते ३० मिनिटांचा वेळ सगळ्यात चांगला. नागपुरात नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्य साडेपाच ते पावणेसहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे सहाच्या आसपास तयार राहा. तेव्हा दिवे उठून दिसतात आणि किल्ल्याचा आकारही कळतो.

लक्ष्मीपूजन अमावास्येला असतं, त्यामुळे दिवाळीत चंद्राची मदत नाही. कोजागरी पौर्णिमेची, पण चांदण्यावर फार विसंबू नका. सूर्य पूर्ण चंद्रापेक्षा सुमारे ४ लाख पट तेजस्वी आहे. डोळ्यांना लख्ख वाटणारं चांदणं फोनसाठी जवळपास अंधारच असतो.

दिवे कसे मांडायचे?

सेटिंग्जपेक्षा जास्त फरक इथे पडतो, आणि खर्च शून्य.

* फ्लॅश बंद ठेवा. समोरून पडलेल्या प्रकाशात मूर्ती सपाट दिसते आणि ऑइल पेंट चमकतो.
* प्रकाश बाजूने द्या. मित्राच्या फोनचा टॉर्च मूर्तीच्या एका बाजूला, थोडा वर धरा. टॉर्चसमोर बटर पेपर किंवा पांढरा रुमाल धरला की सावल्या मऊ होतात. कागद-कापड पणतीपासून लांबच ठेवा.
* दुसऱ्या बाजूला पांढरा पुठ्ठा धरा. अंधारी बाजू तेवढ्यानेही उजळते.
* बल्ब लपवा. बल्ब बुरुजामागे किंवा झाडाच्या फांदीआड ठेवा. फोटोत प्रकाश दिसू दे, बल्ब नको.
* अंतर बदलून पाहा. छोट्या दिव्याचं मूर्तीपासूनचं अंतर दुप्पट केलं की मूर्तीवर पडणारा प्रकाश जवळपास एक चतुर्थांश होतो. चेहरा पांढरा पडत असेल तर पणती १० सेंटिमीटरवरून २० सेंटिमीटरवर सरकवा.

आता फोटो काढा

१. लेन्स स्वच्छ सुती कापडाने पुसा. बोटांच्या तेलकट डागामुळे दिव्याभोवती धुरकट वलय येतं. फराळाच्या दिवसांत तर हे आधी करा!

२. मुख्य कॅमेरा, म्हणजे '१×' वापरा. अल्ट्रावाइड आणि २ मेगापिक्सेलचे मॅक्रो कॅमेरे रात्री कमजोर पडतात.

३. मूर्तीच्या चेहऱ्यावर बोट दाबून धरा. फोकस आणि एक्सपोजर लॉक होईल.

४. शेजारी सूर्याचं चिन्ह किंवा पट्टी दिसेल. ती खाली ओढा, चेहऱ्यावरचा रंग दिसू लागेपर्यंत. फोटो थोडा काळपट आला तरी चालेल. अंधारा भाग नंतर उजळता येतो, पण पूर्ण पांढरा झालेला भाग परत मिळत नाही.

५. टायमर लावा आणि तीन-चार फोटो घ्या.

पणतीची ज्योत हलत असेल तर एक फोटो नाईट मोडमध्ये आणि एक साध्या मोडमध्ये काढा. अनेक फ्रेम जुळवताना हलणारी ज्योत फासटल्यासारखी दिसू शकते. शिवाय नाईट मोड कधी कधी रात्रीची दुपार करून टाकतो. तसं झालं तर त्याची वेळ कमी करा.

प्रो मोड असेल तर

फोन टेकवलेला असताना इथून सुरुवात करा: आयएसओ १०० ते २००, शटर १/१० सेकंद ते १ सेकंद, व्हाइट बॅलन्स ३००० ते ३५०० केल्व्हिन. फोन हातात असेल तर शटर १/५० ठेवा आणि आयएसओ गरजेपुरता वाढवा.

व्हाइट बॅलन्सचं कारण असं: पणतीचा प्रकाश साधारण १९०० केल्व्हिन, पिवळट एलईडी २७०० ते ३०००, आणि पांढरा एलईडी ६००० च्या आसपास असतो. ऑटोवर ठेवलं तर फोन पणतीचा सोनेरी रंगच पुसून टाकू शकतो. एकाच मूर्तीवर पांढरा आणि पिवळा असे दोन्ही दिवे टाकू नका, एक बाजू निळी पडते.

फोटोत काळे पट्टे का येतात?

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून तिच्यावर चालणारे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्यांना ते कळत नाही, पण सेन्सर एकेक ओळ वाचतो, त्यामुळे पट्टे उमटतात. शटर १/१००, १/५० किंवा १/२५ ठेवलं की ते बहुतेक जातात. तरीही राहिले तर त्या माळेऐवजी सेलवर चालणारी साधी माळ वापरून बघा.

तीन ठिकाणं, तीन पद्धती

दिवाळीचा किल्ला: उभं राहून वरून काढलेल्या फोटोत किल्ला मातीचा ढीग दिसतो. फोन उलटा धरा, म्हणजे लेन्स जमिनीजवळ जाईल, आणि मावळ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर या. पुढचा मावळा मोठा आणि मागचा बुरूज दूर दिसला की किल्ला खरा वाटायला लागतो. पण फार जवळ जाऊ नका, लेन्सला फोकससाठी ठरावीक अंतर लागतं. मूर्ती धूसर दिसली तर थोडं मागे सरका आणि २× करा. जवळ गेल्यावर फोन आपोआप मॅक्रोवर जात असेल तर ते बंद करा. काही फोनमध्ये त्यासाठी फुलाचं चिन्ह दिसतं.

भुलाबाई: विदर्भात भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत भुलाबाई-भुलोजीच्या मातीच्या मूर्ती मांडतात. कोजागरीला ज्वारीच्या धांड्यांच्या खोपडीत त्यांना बसवलं असेल तर एक दिवा धांड्यांच्या मागे ठेवा. प्रकाश फटींतून येईल आणि धांड्यांच्या कडा उजळतील. समोरून एकच पणती पुरे. एकाच फ्रेममध्ये चंद्र आणि मूर्ती दोन्ही नीट येणं अवघड आहे. मूर्तीचा फोटो नीट घ्या, चंद्र राहू द्या.

झिरो माईल: सिव्हिल लाइन्समधला दगडी स्तंभ आणि शेजारचे चार घोडे. इथे प्रकाश तुमच्या हातात नाही, त्यामुळे जागा बदलून पाहावी लागते. ज्या बाजूने घोड्याच्या मानेवर उजेड पडतो ती बाजू शोधा, २× वर एकच घोडा घ्या आणि स्तंभ मागे राहू द्या. गाड्यांचे हेडलाइट थेट लेन्सवर येत असतील तर एक हात आडवा धरा किंवा गाडी जाऊ द्या. फुटपाथवरूनच काढा, फ्रेमसाठी रस्त्यात उतरू नका.

फोटो काढल्यावर

एडिटिंगमध्ये आधी 'हायलाइट्स' कमी करा, मग 'शॅडोज' थोड्या वाढवा. 'शार्पनेस' जास्त केलं की दाणे परत दिसतात. एआय किंवा ब्युटी फिल्टर बंद ठेवा. ते चेहरा गुळगुळीत करतात आणि मूर्तिकाराने ब्रशने काढलेली भुवई पुसली जाते. महालातल्या चितारओळीत गणपतीपासून दिवाळीच्या लक्ष्मीपर्यंत मूर्ती हातानेच रंगवल्या जातात. ते हातकाम दिसावं म्हणूनच तर फोटो काढतोय ना?

व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो दाबला जातो आणि अंधाऱ्या भागात चौकोन दिसतात. मूळ फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. आणि किल्ला मोडण्याआधी चारही बाजूंनी एकेक फोटो घेऊन ठेवा, पुढच्या वर्षी बुरूज कुठे होता यावरून भांडण होणार नाही.