सांगड, पेटी आणि गळ

रबराच्या फुगवलेल्या कड्यात बसायचे, पाय पाण्यात सोडायचे आणि तळ्याच्या मधोमध जाऊन गळ टाकायचा, असा एक खेळ अमेरिकेत आणि युरोपात चालतो. गळाला गांडूळ किंवा कणीक नसते. पिसे आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी असते. कोणी कड्याऐवजी कयाक, म्हणजे एकट्याने वल्हवायची निमुळती होडी, घेतात. श्रोते म्हणतील, आमच्या नगर जिल्ह्याचा याच्याशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो चांगला जुना आहे.

आधी गळाचे पाहू. इ. स. २०० च्या सुमारास ईलियन नावाच्या रोमन लेखकाने मॅसिडोनियातील मासेमारांची हकीकत लिहून ठेवली आहे. ते गळाला तांबडी लोकर गुंडाळीत आणि कोंबड्याची पिसे बांधीत. आपल्याकडे कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्यात गळाने मासे धरणे हा राजाचा एक विनोद म्हणून सांगितला असून, माशांच्या जाती आणि त्यांना रुचणारी आमिषे यांची माहिती दिली आहे. तेव्हा गळ हे केवळ पोटाचे साधन नव्हते. रसिकतेचाही तो विषय होता.

आता तरंगण्याचे. निनेव्हे येथे असिरियाचा राजा सेनाखेरिब याचा राजवाडा होता. इ. स. पूर्व ७०० च्या सुमारास कोरलेल्या तिथल्या शिल्पांत फुगवलेल्या कातड्यावर स्वार होऊन गळ टाकणारी माणसे दिसतात. कातड्याच्या जागी रबर आले, एवढाच काय तो फरक!

पण निनेव्हेपर्यंत जायला कशाला हवे? आपले नेवासे घ्या. प्रवरेच्या तीरी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी झाली. तिच्या बाराव्या अध्यायात भगवंत भवसागरातला नावाडी होतो. कोणासाठी तो नाव सज्ज करतो, कोणाला तराफ्यावर घेतो, आणि एखाद्याच्या पोटाशी पेटी बांधून त्याला पैलतीरी आणतो. ही पेटी म्हणजे पोहणाऱ्याने अंगाला बांधायचे तरंगते साधन. ऐकणाऱ्यांना ते ठाऊक असल्याशिवाय असा दृष्टान्त कोणी देत नाही.

दुसरा पुरावा आपल्या तोंडीच आहे. दोन गोष्टींची ‘सांगड घालणे’ असे आपण सहज म्हणतो. मुळात सांगड म्हणजे पाणी तरून जाण्यासाठी एकत्र बांधलेल्या होड्या, ओंडके किंवा सुके भोपळे. विहिरीत पोहायला शिकताना पाठीला भोपळा बांधलेली पिढी तर अगदी परवापरवापर्यंत होती. पालखी वाहणारे, उतारूंना नदीपार नेणारे आणि मासे धरणारे भोई याच पाण्यावर जगले.

पुढे पाणीच बदलले. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले, नंतर राहुरीजवळ मुळा धरण झाले, आणि १९७६ मध्ये पैठणच्या जायकवाडीचे उद्घाटन झाले. त्याचा नाथसागर नेवासे-शेवगावपर्यंत पसरला. उन्हाळ्यात पायउतार होणाऱ्या नदीच्या जागी बारमाही खोल पाणी आले. त्यात रोहू, कटला, मृगळ यांचे बीज सोडले जाऊ लागले. होडी घेण्याची ऐपत सगळ्यांची नसते. म्हणून अशा जलाशयांवर मालमोटारीच्या चाकाची जुनी ट्यूब किंवा थर्माकोलचा तराफा आला. त्यावर बसून, हातानेच पाणी मारीत, मासेमार तंगुसाचे जाळे लावतो. हा भोपळ्याचाच वंशज.

मात्र एक भेद डोळ्यांआड करता येत नाही. हौशी माणसाच्या अंगात जीवरक्षक जाकीट असते आणि वारा सुटला की तो घरी जातो. पोटासाठी जाणाऱ्याला जाळे सोडून येववत नाही. मोठ्या जलाशयावर वाऱ्याने लाटा उठतात, ट्यूब फुटू शकते, पाय तंगुसात गुंतू शकतो. इतिहासाने आपल्याला सांगड दिली, पेटी दिली. दोन्हींचा हेतू एकच होता: गेलेला माणूस काठाला परत यावा. प्रत्येक ट्यूबवाल्याच्या अंगावर जाकीट आणि जवळपास एक सोबती, एवढी सांगड गावाने आणि मच्छीमार संस्थेने घातली, तर तो जुना हेतू पुरा होईल.