धमनीतली पेज

'धमनी' हा शब्द 'धम्', म्हणजे फुंकणे, या संस्कृत धातूवरून आला. ग्रीकांचा 'आर्टेरिया'सुद्धा मुळात श्वासनलिकेचाच शब्द. प्रेतातल्या धमन्या रिकाम्या दिसत, म्हणून त्यांतून वारा वाहतो असे तिकडे मानत. गॅलेनने दुसऱ्या शतकात ती समजूत खोडली. शब्द मात्र दोन्हीकडे वाऱ्याचेच राहिले.

धमनीच्या जुनाट आजाराला आपण 'धमनीकाठिण्य' म्हणतो. फेलिक्स मार्शां या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाने 1904 साली 'अ‍ॅथेरोस्क्लेरोसिस' हे नाव घडवले, त्यात 'स्क्लेरोसिस' म्हणजे काठिण्य आणि 'अथेरे' म्हणजे चक्क पेज! मराठीत येताना आपण ती पेज सांडली. खरी गोम तर तिच्यातच आहे. धमनीच्या भिंतीत चरबी आणि पांढऱ्या पेशींचा लिबलिबीत लगदा साठतो, त्यावरचा पापुद्रा फाटला की रक्त गोठते आणि हृदयविकाराचा झटका येतो. 'काठिण्य' काय, 'ब्लॉकेज' काय, दोन्ही ऐकून डोळ्यांपुढे गंजलेला नळ येतो. इथे तर जिवंत पेशींची धुमश्चक्री चाललेली असते.

या धुमश्चक्रीचे नाव दाह. पहिल्या शतकातल्या केल्सस या रोमन ग्रंथकाराने दाहाच्या खुणा सांगितल्या: लाली, सूज, ऊब, वेदना. धमनीत यातले काहीच जाणवत नाही. म्हणूनच 'रक्तवाहिन्यांना सूज' ही वर्तमानपत्री भाषा मला पटत नाही. फिर्शो या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाने 1856 मध्येच याला दाह ठरवले होते. पुढे कोलेस्टेरॉलने सगळे लक्ष खाल्ले. 2017 च्या 'कॅन्टॉस' चाचणीत, झटका येऊन गेलेल्या दहा हजारांवर रुग्णांत केवळ दाह शमवणारे औषध तपासले. वाईट कोलेस्टेरॉल हलले नाही, तरी मधल्या मात्रेने झटका, पक्षाघात आणि हृदयरोगाने मृत्यू मिळून 15 टक्क्यांनी घटले. जीवघेणे जंतुसंसर्ग वाढले, ते वेगळे.

आता दाहाशी नाते सांगणारा दुसरा शब्द, ताण. 'तन्', ताणणे. मराठीत तो दोरीला येतो, मनाला येतो, तिजोरीलाही येतो. पण बोलताना आपण 'टेन्शन'च घेतो. 'हायपरटेन्शन' म्हणजे फार टेन्शन, अशा समजुतीने शांत स्वभावाची माणसे बीपी मोजायचे टाळतात. ते टेन्शन धमनीच्या भिंतीवरचे, हे त्यांना कोणी सांगतच नाही. मनाच्या ताणाचा माग 2017 मध्येच 'लॅन्सेट'मधल्या एका अभ्यासाने घेतला. मेंदूतले भीतीचे केंद्र ज्यांचे अधिक जागे, त्यांची अस्थिमज्जा अधिक कामाला लागलेली आणि धमन्यांत दाहही जास्त. एवढ्यावरून कार्यकारण सिद्ध होत नाही, पण टेन्शन डोक्यातून धमनीत उतरताना वाटेत हाडांतून जात असावे.