कोचीनचे दाखले

२० एप्रिल १६७५. कोचीनमध्ये रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन वैद्यांनी कोकणीत, नागरी अक्षरांत एक दाखला लिहून दिला: डच कमांडर व्हान ऱ्हीडच्या हुकमावरून आपण दोन वर्षे झाडाझुडपांची नावे आणि गुण सांगितले, आधार महानिघंटूचा. इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याच्या दाखल्यावरही हीच तारीख आहे. त्याचा आधार मात्र घरच्या पोथीचा. दुभाष्या कार्नेरोने आपला कागद आदल्याच दिवशी दिला होता. १६७८ साली ॲम्स्टरडॅमला मलबारच्या झाडांवरच्या ऱ्हीडच्या 'होर्टुस मलाबारिकुस' या ग्रंथाचा पहिला खंड निघाला, त्यात हे दाखले मूळ लिप्यांसह छापले आहेत. बारावा खंड १६९३चा.

नुसता भटांचा दाखला वाचला तर सगळे काम त्यांचेच वाटते. (मराठी वाचकाला तसे वाटायला आवडतेही.) पण चित्रे उलटून पाहावीत. चित्रावर नागरीत कोकणी नाव आहे खरे, तरी वर्णनाच्या माथ्यावर रोमन अक्षरांत बसले आहे ते बहुधा मल्याळी नाव. माझ्या मते कणा अच्युतनच्या परंपरेचा, जोड कोकणी वैद्यांची.

दुसऱ्या खंडातल्या 'कळ्ळी' पाहा. इलकळ्ळी म्हणजे पानांची कळ्ळी. तिच्याच गोतातली तिरुकळ्ळी, म्हणजे आपल्या कुंपणाचा शेर: हिरव्या, पेन्सिलीएवढ्या काड्या, मोडल्या की पांढरा चीक, डोळ्यात गेला तर आग. मागे कुळाचे नाव, पुढे ओळख पटवणारा शब्द. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३च्या 'स्पेसीज प्लांटारम'मध्ये दुपदी नावे सरसकट वापरली, तेव्हा या सोयऱ्यांना 'युफोर्बिया' या एकाच प्रजातीत ठेवले आणि शेराला नाव दिले 'युफोर्बिया तिरुकल्ली'. म्हणजे मल्याळीतले कूळ जातीच्या नावात विरघळले आणि कुळाच्या जागी आला युफोर्बस, जुबा राजाचा ग्रीक वैद्य. लिनियस स्वतः हिंदुस्थानात कधी आला नाही. मलबारच्या झाडांसाठी त्याची भिस्त ऱ्हीडच्या चित्रांवर आणि वर्णनांवर होती.

ऱ्हीडच्याच ग्रंथातले 'मणिलकारा' हे नाव १७६३ साली फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ आदांसाँने प्रजातीसाठी उचलले. पुढे अमेरिकेतून आलेला चिकूही त्याच प्रजातीत गेला. घोलवडच्या वाडीतल्या झाडाचे शास्त्रीय नाव आज 'मणिलकारा झापोटा' आहे.