ऐकू येते, पण उमजत नाही

मोगल अमदानीत बंदर म्हणून गाजलेले सुरत शहर आज ओळखले जाते ते कृत्रिम रेशमाच्या कापडासाठी. तापीच्या वरच्या अंगाच्या खानदेशातून, म्हणजे धुळे, जळगाव, नंदुरबारकडून, हजारो मराठी कुटुंबे पोटासाठी तापीच्या मुखाशी उतरली आणि यंत्रमागांच्या खडखडाटात रमली. मागावर वीस-पंचवीस वर्षे काढलेला कामगार पुढे एकच तक्रार करतो: ‘आवाज येतो, पण बोलणे कळत नाही.’ मुलगा हौसेने श्रवणयंत्र आणतो. चार दिवसांत ते कोनाड्यात जाऊन पडते. मग दोष कोणाचा, यंत्राचा की कानाचा?

हा प्रश्न जुना आहे. तांबटांना बहिरेपण येते, हे इटालियन वैद्य रामाझ्झिनी याने अठराव्या शतकाच्या आरंभीच नोंदविले होते. १८८६ साली ग्लासगो येथे टॉमस बार याने बॉयलर घडविणारे शंभर कामगार तपासले. त्यांतील एकाचेही कान निर्दोष नव्हते. १९६५ साली डंडीच्या ताग-विणकरांच्या अभ्यासातून दिसले की, पहिल्या दहा-पंधरा वर्षांतच उंच पट्टीच्या स्वरांचे श्रवण झपाट्याने खालावते.

मर्म येथेच आहे. बोलण्याचा जोर स्वरांत असतो. अर्थ मात्र बहुतांशी व्यंजनांत. ‘स’, ‘त’, ‘क’ यांसारखी व्यंजने उंच पट्टीची व क्षीण असतात. ती हरपली की ‘ताट’ मागितले की ‘पाट’, हे कळेनासे होते.

दुसऱ्या महायुद्धात बहिऱ्या झालेल्या अमेरिकन सैनिकांवर उपचार करताना रेमंड कारहार्ट यांनी शब्दचाचणीला शास्त्रीय शिस्त आणली. आवाज पुरेसा मोठा करून शब्द ऐकवायचे आणि रुग्णाने किती अचूक उच्चारले, हे मोजायचे. मोठ्या आवाजात गुण वाढले, तर शब्द केवळ पोहोचत नव्हते. तेथे यंत्र उत्तम उपयोगी पडते. गुण तरीही कमीच राहिले, तर अंतःकर्णातील सूक्ष्म रोमपेशी किंवा श्रवणनाडी दुबळी झालेली असते. मोडका आरसा कितीही उजेडात धरला, तरी चेहरा अखंड दिसत नाही.

म्हणून यंत्र निरर्थक ठरते काय? नाही. गाडीचा भोंगा, दाराची कडी, नातवाची हाक ते कानी घालते. आणि ओठांच्या हालचालींकडे पाहत ऐकणाऱ्याला अर्थाचा मोठा आधार देते. मात्र ते कानाच्या मापाने जुळवून घ्यावे लागते आणि सरावाला काही आठवडे द्यावे लागतात. घरच्यांनीही ओरडू नये. समोर बसून, सावकाश बोलावे.

एवढ्यानेही न भागल्यास पुढची वाट आहे. १९६१ साली अमेरिकेत विल्यम हाउस यांनी आणि १९७८ साली मेलबर्नला ग्रेम क्लार्क यांनी अंतःकर्णात विद्युत्-अग्रे बसविली. ती निकामी रोमपेशींना वगळून थेट नाडीला संदेश देतात. भारतात म्हैसूरची वाक्-श्रवण संस्था १९६५ मध्ये आणि मुंबईची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ मध्ये स्थापन झाली.

तथापि गेलेल्या रोमपेशी माणसाच्या कानात पुन्हा उगवत नाहीत. म्हणूनच म्हाताऱ्या विणकराच्या कानातील यंत्राइतकेच महत्त्व त्याच्या जागी मागावर उभ्या राहिलेल्या तरुणाच्या कानातील बोळ्याला आहे. तो बोळा चार पैशांचा असतो. पण त्याच्या मागे उभ्या आयुष्याची बोलाचाली सुखरूप राहते.